सातव्या मण्यापासून

‘रेटाट्रुटाइडची कुपी ऑनलाइन मिळते, वर “फक्त संशोधनासाठी” असं लिहिलेलं असतं. वजन उतरवायला घेऊ का?’ एका वाचकाचा हा प्रश्न. २०२३ साली ३३८ जणांच्या चाचणीत सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांचं वजन ४८ आठवड्यांत सरासरी २४ टक्के उतरलं, तेव्हापासून या प्रायोगिक पेप्टाइडचा बोलबाला आहे. उत्तर देतोच, पण या कुळाची मूळ माळ कोणी ओवली ते आधी सांगू द्या.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मेरीफिल्ड यांनी ती ओवायची युक्ती काढली. पहिला मणी राळेच्या बारीक दाण्याला बांधायचा, त्याला दुसरा जोडायचा, उरलंसुरलं धुऊन टाकायचं, मग तिसरा. माळ दाण्याला धरून असते, त्यामुळे धुण्यात वाहून जात नाही. किती साधं! या साधेपणाला १९८४ चं नोबेल मिळालं. त्यांच्याच हाताखाली युगोस्लाव्हियातून आलेल्या स्वेत्लाना मोयसोव २९ मण्यांचं ग्लुकागॉन हे संप्रेरक बनवायला शिकल्या.

पुढे त्या बोस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गेल्या. ग्लुकागॉनच्या जनुकात त्याच्यासारखीच ३७ मण्यांची आणखी एक माळ दडलेली आहे, हे तोवर कळलं होतं. तीच जीएलपी-१. ती ग्लुकागॉनशेजारी ठेवून पाहा: पहिले सहा मणी जुळत नाहीत. सातवा हिस्टिडिन, ग्लुकागॉनचा पहिलाही हिस्टिडिन, आणि तिथून पुढे साम्यच साम्य. खरं संप्रेरक सातव्यापासून सुरू होत असणार, हे मोयसोव यांनी ताडलं. तो ३१ मण्यांचा तुकडा त्यांनी स्वतः ओवला, आणि १९८७ साली गॉर्डन वीअर व जोएल हॅबनर यांच्यासह दाखवून दिलं की उंदराच्या स्वादुपिंडातून तो भराभर इन्सुलिन काढतो. आजची सेमाग्लुटाइडसारखी औषधं याच तुकड्याचे टिकाऊ अवतार; रेटाट्रुटाइडही याच कुळातलं.

पेटंटवर मात्र आधी एकट्या हॅबनर यांचं नाव लागलं. आपलं नाव यावं म्हणून मोयसोव यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. वैद्यकीय संशोधनासाठीच्या लास्कर पुरस्कारात त्यांचं नाव आलं ते थेट २०२४ मध्ये. ही चूक मला फार सलते.

आता कुपीकडे. ओवताना एखादा मणी नीट जुळत नाही, की एक मणी कमी असलेल्या माळा तयार होतात. दिसायला तीच पांढरी पूड. त्या वेगळ्या काढणं आणि उरलेलं तपासणं, हे औषध बनवण्यातलं मोठं काम. ‘फक्त संशोधनासाठी’च्या कुपीत ते कोणी केलं, याचा जबाब देणारं कोणी नाही. घेऊ नका; डॉक्टरांना भेटा, परवानगी मिळालेली औषधं आहेत.