खिशातली औषधसंहिता

औषध किती शुद्ध असावं आणि ते कसं तपासावं, हे ठरवणारा ‘इंडियन फार्माकोपिया’ गाझियाबादहून निघतो. भारतीय औषधसंहिता आयोगाचं कार्यालय तिथल्या राजनगरात आहे. पहिली आवृत्ती १९५५ची. आज हे काम अनेक जाडजूड खंडांचं झालंय.

असे खंड टॅबमध्ये सहज मावतात, पण नुसत्या स्कॅनिंगने भागत नाही. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यात शब्द शोधता येत नाही. ओसीआर सॉफ्टवेअर अक्षरांचे आकार ओळखून फोटोमागे मजकुराचा अदृश्य थर बसवतं, आणि शोध त्या थरात चालतो. धोकाही तिथेच आहे. मायक्रोग्रॅममधलं ‘म्यू’ हे चिन्ह ‘एम’ असं वाचलं गेलं, की मात्रा एकदम हजारपट! दशांशचिन्ह धुळीचा ठिपका समजून गळलं, तर ०.५चे ०५ होतात. म्हणून शब्द थरात शोधावा, आकडा मात्र मूळ पानाच्या चित्रावरच वाचावा. औषधाच्या बाबतीत याला पर्याय नाही.

दोन आवृत्त्यांच्या मधेही दुरुस्त्या निघत असतात. तेव्हा फाइलच्या नावात आवृत्तीचं वर्ष आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख घालाच.