वजन अडतं ते भुकेपाशी

आहार सांभाळला, व्यायाम चुकवला नाही, पाच-सहा महिन्यांत आठ-दहा किलो उतरलेही, आणि मग काटा हलायचं नाव घेईना. वजन कमी करायला निघालेल्या बहुतेकांच्या वाट्याला हा मुक्काम येतो, तोही साधारण याच सुमाराला. ‘मेटाबॉलिझम मंदावला’, ‘शरीराला सवय झाली’ अशी कारणं लगेच पुढे येतात. मग रात्रीचं जेवण बंद होतं, नाहीतर चालणं दुप्पट होतं. ही कारणं अर्धवट खरी आहेत, पण त्यांच्यावरून काढलेला उपाय चुकीचा आहे. वजन अडण्यात शरीराच्या मंदावण्याचा वाटा लहान आणि वाढत्या भुकेचा वाटा मोठा असतो. हे ध्यानात न घेता ताटातलं आणखी काढलं, तर भूकच वाढते.

आधी मंदावण्याचा हिशेब पाहू. उदाहरणार्थ, लोणावळ्याजवळच्या मळवली स्टेशनवर उतरून लोहगड चढायचा म्हणजे चारशे मीटरहून जास्त उंची गाठायची. गडमाथा समुद्रसपाटीपासून १,०३३ मीटरवर आहे. ८० किलोचं शरीर ४०० मीटर वर न्यायला, स्नायूंची कार्यक्षमता साधारण २५ टक्के धरली, तर सुमारे ३०० कॅलरी लागतात. तोच माणूस ७० किलोचा होऊन आला, तर २६० कॅलरीतच चढाई होते. वाट तीच, घामही तेवढाच, खर्च मात्र ४० कॅलरींनी कमी. हे केवळ गडावर घडत नाही. हलकं शरीर जिना चढताना, उभं राहताना, झोपेतही कमी जाळतं. शिवाय वजन घटल्यावर शरीर स्वतःहूनही थोडी काटकसर करतं. हे सगळं मिळून, घटलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी उतरतो. म्हणजे दहा किलोंमागे फार तर ३०० कॅलरी.

आता भुकेचा हिशेब. भूक मोजणं अवघड, कारण आहारावर असलेला माणूस जाणूनबुजून कमी खात असतो. पण मधुमेहाच्या एका औषधामुळे हे कोडं सुटलं. हे औषध घेणाऱ्यांच्या लघवीतून रोज सुमारे ३६० कॅलरींची साखर निघून जाते आणि ते त्यांना कळतही नाही. अशा रुग्णांचं वर्षभराचं वजन तपासून अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली गणित मांडलं. घटलेल्या दर किलोमागे भूक दिवसाला जवळजवळ १०० कॅलरींनी वाढत होती, म्हणजे खर्चातल्या घटीच्या तिपटीहून जास्त. दहा किलो उतरवलेल्या माणसाला शरीर रोज जवळपास हजार कॅलरी जास्त मागत असतं. तो त्या मागणीला सहा महिने तोंड देतो, आणि मग नकळत थोडा थोडा नमत जातो. काटा थांबतो तो इथे.

‘पण मी पहिल्याइतकंच मोजून खाते’, असं यावर कुणी म्हणेल. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली असं सांगणाऱ्या दहा जणांची कसून तपासणी झाली. त्यांचा मेटाबॉलिझम ठीक होता. दिवसाला सुमारे हजार कॅलरी खातो असं ते सांगत होते, प्रत्यक्षात खाणं दोन हजारांच्या घरात होतं. ही माणसं खोटारडी नव्हती. खाण्याचा अंदाज चुकतोच, आणि आपल्या स्वयंपाकात तर तो हमखास चुकतो. पिठल्याच्या फोडणीत पळीभर, म्हणजे १५ ग्रॅम तेल पडलं, की त्याच्या १३५ कॅलरी होतात. पिठल्यातल्या मूठभर बेसनाच्याही जवळपास तेवढ्याच. तेल मात्र बाटलीतून अंदाजाने ओतलं जातं. भाताचंही तेच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी मऊ, चिकट आणि सुवासिक. आमटीबरोबर एखादा डाव जास्त कधी वाढून घेतला, ते आठवतही नाही. त्या एका डावाच्या शंभर-सव्वाशे कॅलरी होतात. एकादशीच्या साबूदाणा खिचडीबद्दल वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप असा, की फार कमी खाल्लं तर शरीर चरबी जाळणंच बंद करतं. तसं होत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या शरीराचा खर्च खूप घटला, तरी वजन सुमारे चतुर्थांशाने उतरलं. पण त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही राहिलं नाही, आणि पुरेसं अन्न मिळू लागल्यावरही बराच काळ त्यांची भूक भागत नव्हती. वजन अडण्यामागे थायरॉईडचा दोष, स्टेरॉइड किंवा काही मानसिक आजारांवरची औषधं ही कारणंही असू शकतात. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्यावी. पण थायरॉईडचा दोष सहसा थोड्या किलोंपुरता असतो.

उपासमार टाळण्याचं आपल्याकडे आणखी एक कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा सारखाच आकडा दाखवतो, तरी आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. जेवण तोडून वजन उतरवलं तर चरबीबरोबर हे मुळातच थोडे असलेले स्नायूही जातात. सात दिवसांत चार किलोंचं आश्वासन देणाऱ्या शिबिरांचा भरवसा म्हणूनच धरू नये. त्या आठवड्यात उतरतं ते बरंचसं पाणी असतं. शरीरात ग्लायकोजन म्हणून साठलेल्या दर ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. कमी खाल्लं की ते निघून जातं आणि नेहमीच्या जेवणावर आलं की परत भरतं.

तेव्हा उपाय भुकेवर हवा. मटकीची उसळ, घट्ट वरण, ताक, अंडी, मासे, भरपूर पालेभाजी यांनी कमी कॅलरीत पोट भरतं आणि स्नायूंना प्रथिनंही मिळतात. आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलण्याचे किंवा उठाबशा-जोरांचे व्यायाम हवेत. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. आणि मोजमाप हवं. योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासून पाहण्याच्या ध्यासातून स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं. तोच ध्यास स्वयंपाकघरात आणायला हवा. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात महिन्याला तीन किलो तेल संपत असेल, तर माणशी रोज २५ ग्रॅम होतं. पाच किलो संपत असेल, तर अडलेल्या काट्याचं कारण तिथेच सापडेल.

मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले, की रक्तातली साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात. ऐंशीचे बहात्तर झालेल्या माणसाने हा टप्पा गाठलेला असतो. तिथे काही महिने टिकून राहणंही सोपं नाही आणि ते अपयश तर नाहीच. काटा चार-सहा आठवडे हलला नाही, तर आधी कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. कंबर त्याच्या वर असेल, तर तेल, भात आणि व्यायामाचा हिशेब पुन्हा मांडा. ती खाली आली असेल आणि साखर व रक्तदाब ठीक असतील, तर उरलेल्या दोन-तीन किलोंसाठी रात्रीचं जेवण सोडू नका.