चाळिशीतला पांढरा पट्टा

वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावात मुलाला कराटेच्या क्लासला सोडायचे आणि तास संपेपर्यंत गाडीवर बसून मोबाइल पाहायचा, हा बऱ्याच पालकांचा रोजचा कार्यक्रम असतो. त्यातल्या एखाद्याला कधीतरी वाटते, आपणही शिकावे. पोट सुटलेले असते, शुगर काठावर असते. विचार उत्तम आहे. आधुनिक कराटेचे एक प्रणेते गिचिन फुनाकोशी (जन्म १८६८, ओकिनावा) लहानपणी अशक्त होते आणि कराटेने आपली प्रकृती सुधारली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. १९२२ मध्ये टोकियोत त्यांनी प्रात्यक्षिक दाखवले तेव्हा हे शाळामास्तर पन्नाशी ओलांडलेले होते. मात्र त्यांच्या अंगाला ती सवय कोवळ्या वयापासून होती.

चाळिशीत सुरुवात करणाऱ्याला भीती वाटते ती समोरच्याच्या ठोशाची. प्रत्यक्षात पहिल्या काही महिन्यांत ठोसे बहुधा हवेतच मारायचे असतात. खरी दुखापत स्वतःच्याच घाईने होते. पहिल्या आठवड्यात अंग दुखते. ते दुसऱ्या दिवशी वाढते आणि तीन-चार दिवसांत ओसरते, त्यात काळजीचे काही नाही. महिनाभरात दम वाढतो, मांड्यांत जोर येतो. पण स्नायूंना हाडाशी जोडणारे टेंडन इतक्या लवकर तयार होत नाहीत, त्यांना काही महिने लागतात. नेमक्या याच काळात उत्साह वाढतो आणि शेजारच्या बारा वर्षांच्या मुलाइतकी उंच किक मारण्याचा मोह होतो. दिवसभर शेतात राबणाऱ्यालाही हे लागू आहे. वाकून कांदे लावण्याची ताकद वेगळी आणि एका पायावर गर्रकन वळणे वेगळे; तिथे गुडघा पिळवटतो.

टाचेमागचे जाड टेंडन तुटते तेव्हा मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखे वाटते. माणूस वळून पाहतो, तर मागे कोणीच नसते! बरेचदा थोडेफार चालता येते, म्हणून मुरगळले समजून मालिश केली जाते आणि उपचाराला उशीर होतो. जुलाबासाठी दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी हे टेंडन दुबळे होऊ शकते. साठीपुढच्यांना आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त. अशी गोळी चालू असताना टाच दुखू लागली तर उड्या आणि किका थांबवाव्यात आणि डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेह्यांचा प्रश्न निराळा आहे. कराटे अनवाणी खेळतात. ज्याच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्याला खडबडीत फरशीवर झालेली जखम कळतच नाही. रात्री मोज्यावर रक्ताचा डाग दिसतो तेव्हा समजते. क्लास लावण्याआधी तळपायाची नायलॉनच्या तारेने होणारी साधी तपासणी आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर हिसके आणि जोर टाळायचे असतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी जाऊ नये आणि खिशात साखर ठेवावी. घाम व्यायामाचा की शुगर उतरल्याचा, हे क्लासमध्ये लवकर लक्षात येत नाही. हात कापू लागले, गोंधळल्यासारखे झाले, तर आधी साखर तोंडात टाकावी.

रक्तदाब असलेल्यांना एक गोष्ट मात्र कराटेतच आयती मिळते. जोर लावताना श्वास कोंडला की दाब झपाट्याने चढतो. ठोशाबरोबर ओरडायला शिकवतात, त्या ओरडण्याने श्वास आपोआप बाहेर पडतो. प्रौढ विद्यार्थी मुलांसमोर लाजतात आणि तोंड मिटून ठोसा मारतात. त्यांनी मोकळेपणाने ओरडावे. छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, अशी काही लक्षणे असतील तर तास तिथेच सोडून थेट रुग्णालय गाठावे. सरांची परवानगी नंतर घेता येते.