चिंचोक्यांचा खेळ: दुसरी पायरी

पवनीला वैनगंगेच्या घाटावर आम्ही मुलांबरोबर 21 चिंचोके मांडले. एका वेळी 1 ते 3 उचलायचे. शेवटचा उचलेल तो जिंकला. आधी एक उचलायचा, मग दर फेरीत दोघांचे मिळून चार करायचे, हे मुलांनी हेरले. मग 3, 5, 7 अशा राशी केल्या. एकाच राशीतून हवे तितके उचला. चारचा नियम चालेना, मुले हिरमुसली. (आम्हीही दोनदा हरलो!)

आता राशी फोडून पाहा: 2+1, 4+1, 4+2+1. चार दोनदा, दोन दोनदा, एक मात्र तीनदा. कोणत्याही राशीतला एक उचला. सगळ्यांच्या जोड्या लागतात. समोरच्याने जोडी मोडली की आपण पुन्हा जुळवायची. बाऊटन यांनी 1901 साली हे सिद्ध केले. चार करतानाही आपण बिघडलेला तोलच सावरत होतो! वर्गात 1, 4, 5 मांडा: पहिली खेळी कोणी घ्यावी?