एक पाठविणारा, अनेक ऐकणारे

एकच मजकूर शंभर संगणकांकडे धाडावयाचा झाल्यास तो कसा धाडावा? नेहमींची रीत अशी कीं, प्रत्येकाच्या नांवें स्वतंत्र प्रत एकामागून एक रवाना करावी. परंतु मग पहिल्यास व शंभराव्यास ती एकाच क्षणीं मिळत नाहीं. टपालांत हा भेद क्षुल्लक, बाजारांत नव्हे. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्यें क्षणोक्षणींचे भाव प्रारंभीं अशाच क्रमानें दलालांकडे जात, आणि आधीं जोडल्या गेलेल्यास ते आधीं मिळण्यास वाव राही. २०१४ सालीं तेथें मल्टिकास्ट, म्हणजे समूह-प्रक्षेपणाची, पद्धति आली. सेबीच्या २०१९ च्या आदेशांत या भेदाचा ऊहापोह आहे.

या पद्धतीचा पाया स्टीव्ह डीरिंग यांनीं घातला. त्यांनीं लिहिलेले तिचे नियम १९८९ सालीं प्रसिद्ध झाले. आयपीच्या चौथ्या आवृत्तींत २२४ ते २३९ या अंकांनीं आरंभ होणारे पत्ते कोणा एका संगणकाचे नसून समूहाचे असतात. पाठविणारा त्या पत्त्यावर एकच पुडकें सोडतो. नभोवाणीवरील वक्त्याप्रमाणें, ऐकणारे कोण व किती, हें त्यास ठाऊकही नसतें.

श्रोत्याच्या बाजूचें काम ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, करिते. एखाद्या प्रोग्रामनें समूहांत सामील होण्याची इच्छा दर्शविली कीं, ती जवळच्या राउटरला तसें कळविते आणि नेटवर्क-कार्डाला त्या समूहाचीं पुडकीं आंत घेण्यास सांगते. मात्र कार्डाची पारख अपुरी असते. समूहाच्या पत्त्यांतील २८ बदलत्या बिटांपैकीं ईथरनेटच्या पत्त्यांत २३ च मावतात. म्हणून ३२ निरनिराळे समूह कार्डाला एकसारखेच दिसतात. तेव्हां कार्यप्रणाली पूर्ण पत्ता पुन्हां वाचते, नको तें टाकून देते आणि हवें तें प्रत्येक सभासद-प्रोग्रामच्या हवालीं करिते.

राउटरची रीत याहून निराळी. साधें पुडकें पाहून तो विचारतो, "जावयाचें कोठें?" समूहाचें पुडकें पाहून तो प्रथम विचारतो, "आलें कोठून?" उगमाकडे जाण्याची जी त्याची वाट, तिच्यावरून तें आलें नसेल, तर तो तें टाकून देतो. ही दक्षता नसती तर प्रती वर्तुळांत फिरून वाढत गेल्या असत्या व सारी वाट तुंबली असती. वाट योग्य असेल तर जेथें श्रोते आहेत, तेवढ्याच शाखांवर एकेक प्रत जाते. राउटर म्हणून चालणाऱ्या लिनक्समध्यें शाखांचा निर्णय एक स्वतंत्र प्रोग्राम घेतो. कर्नल त्याची नोंद पाहून प्रती पुढें धाडतो.

ही सोय फुकट नाहीं. पोंच देण्याची व्यवस्था मुळांत नसल्यानें वाटेंत हरवलेलें पुडकें हरवलेंच. तें परत मिळविण्याची तजवीज निराळी करावी लागते. अनेक मालकांच्या नेटवर्कांतून समूहांची नोंद सांभाळणेंही जड जातें. म्हणून खुल्या इंटरनेटवर या पद्धतीचा फारसा प्रसार झाला नाहीं. एकाच व्यवस्थेखालील नेटवर्कांत मात्र ती नांदते. तरी बाजाराच्या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते: सर्वांस समान वागणूक देण्यास नुसता नियम पुरत नाहीं, वांटप कोणत्या रीतीनें होतें, हेंही पाहावें लागतें.