एमजीबीखालचा तेलाचा डाग

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्‌स कारखाली तेलाचा डाग दिसला, की लगेच इंजिन उतरवायला घेऊ नका. डाग पडतो तिथेच गळती असते असं नाही. गाडी पळताना वारा तेल मागे ढकलतो. आधी इंजिन डिग्रीझरने स्वच्छ धुवा, वाळू द्या, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि एक फेरी मारून या. पावडरीवरची ओली रेघ सर्वांत वर जिथे सुरू होते, तिथेच दुखणं.

अनेकदा ते मॅनिफोल्डखाली दडलेल्या टॅपेट कव्हरपाशी सापडतं. प्रत्येक कव्हर मधल्या एकाच बोल्टवर बसतं. गळती थांबावी म्हणून तो करकचून आवळला, की पत्रा वाकतो आणि तेल आणखीच वाहतं. पत्रा सपाट करून नवं कॉर्कचं गॅस्केट बसवा, बोल्ट बेतानेच आवळा. त्याआधी ब्रीदरची नळी मात्र नक्की साफ करा. ती तुंबली, तर आतला दाब नव्या गॅस्केटमधूनही तेल बाहेर रेटतो.

बेलहाउसिंगच्या तळाच्या, कॉटर पिन लोंबणाऱ्या भोकातून तेल ठिबकत असेल, तर इंजिन उतरवणं आलंच. तेव्हा मागच्या सीलबरोबर क्लच प्लेटही तपासून घ्या.