मुलांना फक्त ‘गप्प राहा’ सांगायचे का?
“फेसबुकवर काही लिहू नकोस,” असे आपण मुलांना बजावतो. या भीतीला कारण आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, मैत्रिणीने तो लाइक केला. दोघींना अटक झाली. पुढे श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जातच होते. २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. हक्क माहीतच नसेल तर तो कागदावर राहतो.

सूरह हुजुरात खबर पडताळायला सांगते. द्वेष पसरवणे आजही गुन्हाच आहे. म्हणून मुलांना सांगू या : आधी खात्री करा, मग सभ्य शब्दांत, न घाबरता लिहा.